कालचं आज न आठवणारी मुलं

मूल वाढवण्याची आपली सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे. काल जे घडलं ते मुलाला आज आठवेल, हे ते गृहीत. काल विस्तवाचा चटका बसला, आज ते लांब राहील. काल ओरडा खाल्ला, आज ते पुन्हा तसं करणार नाही. शाबासकी, धाक, अबोला, बक्षीस, अद्दल ही आईबापांची आणि गुरुजींची सारी साधनं याच भरवशावर चालतात. हा भरवसा इतका जुना आहे की तो भरवसा आहे हेदेखील आपण विसरून गेलो आहोत. म्हणूनच एखाद्या मुलावर ही साधनं चालेनाशी झाली, की आपल्याला साधनांची शंका येत नाही, मुलाची येते. ‘कालच तर सगळं येत होतं याला, आज मुद्दाम करतोय,’ हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जातं.

हे वाक्य ज्यांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त येतं, त्यांतली काही मुलं अशी असतात की त्यांच्या मेंदूची जडणघडण होत असताना आईच्या रक्तातून दारू त्यांच्यापर्यंत पोचलेली असते. वैद्यक या स्थितीला फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर म्हणतं, थोडक्यात एफएएसडी. दारू वार ओलांडून थेट गर्भात जाते. गर्भाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं, त्याला ती पचवता येत नाही. भोवतालच्या पाण्यात ती साठून राहते आणि आईच्या रक्तातून उतरल्यावरही तिथे रेंगाळते. मेंदूच्या पेशी ज्या काळात जन्मतात, आपापल्या जागी सरकतात आणि एकमेकींशी जोडल्या जातात, त्या काळात ती या सगळ्यात ढवळाढवळ करते. चेहरा घडतो तो गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. त्या थोड्या दिवसांत दारूचा मारा झाला तरच डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हळ सपाट आणि वरचा ओठ पातळ अशी ओळखीची ठेवण उमटते. मेंदू मात्र नऊच्या नऊ महिने घडत असतो. त्यामुळे ज्यांच्या मेंदूला इजा झाली आहे अशा बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर तिची खूण नसते. त्यांचं अपंगत्व कुणालाही दिसत नाही. दिसतं ते फक्त वागणं.

माणसाला याची कुणकुण फार जुनी आहे. बायबलमध्ये सॅमसनच्या आईला देवदूत बजावतो, दिवस राहतील तेव्हा द्राक्षारस पिऊ नकोस. लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयानं 1726 साली पार्लमेंटकडे तक्रार केली, की स्वस्त जिनमुळे दुबळी आणि रोगट मुलं जन्माला येत आहेत. लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी 1899 मध्ये दारुड्या कैदी स्त्रियांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. गरोदरपणाचा काळ तुरुंगात, म्हणजे नाइलाजानं दारूविना काढलेल्या बाईचं मूल जगण्याची आशा वाढते, असं त्यांना आढळलं. हे सारं विसरलं गेलं. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नान्त शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमवान यांनी अशा 127 मुलांचं वर्णन छापलं, तेही फारसं कुणी वाचलं नाही. सिएटलला क्रिस्टी उलेलँड या तरुण निवासी डॉक्टरच्या लक्षात आलं, की वजन न धरणाऱ्या बाळांच्या आया पुष्कळदा दारूच्या आहारी गेलेल्या असतात. तिथूनच पुढे 1973 मध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी आठ मुलांची हकिगत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, तेव्हा कुठे जगानं कान टवकारले. आणि याच सुमारास, 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षं, अकाली कळा थांबवण्यासाठी गरोदर स्त्रियांच्या शिरेतून डॉक्टर स्वतः अल्कोहोल सोडत होते. जे शास्त्रालाही ठाऊक नव्हतं, ते आईला ठाऊक असायलाच हवं होतं असं म्हणण्याआधी हा इतिहास आठवलेला बरा.

चारपाच वर्षांचं असं मूल कसं असतं? ते बहुधा गोड असतं, लाघवी असतं, अनोळखी माणसाच्याही मांडीवर जाऊन बसतं. बोलतं भरभरून, आणि त्याच्या बोलण्यावरून त्याची समज जोखायला जावं तर फसगत होते, कारण त्याला बोलता येतं त्यापेक्षा समजतं कमी. ‘चपला घाल, डबा दप्तरात ठेव आणि बाहेर ये’ यातलं त्याच्यापर्यंत एकच काहीतरी पोचतं, बहुधा शेवटचं. घरासमोरचा रस्ता ओलांडायचा नाही हे ते शिकतं, पण आजीच्या घरासमोरचा रस्ता हाही रस्ताच आहे हे त्याला आपोआप उमगत नाही. सोमवारी आलेली अक्षरं मंगळवारी गायब होतात आणि गुरुवारी कुठूनशी परत येतात. शर्टाच्या गळ्यातला लेबलचा तुकडा, ट्यूबलाइटची गुणगुण, मधल्या सुट्टीचा कलकलाट, यांतलं काहीही त्याला असह्य होऊ शकतं. मग ते किंचाळतं, लाथा झाडतं, टेबलाखाली जाऊन बसतं. काय घडलं असं विचारलं तर आठवणीतली भोकं ते सुचेल त्या गोष्टीनं बुजवतं आणि त्या गोष्टीवर त्याचा स्वतःचाही विश्वास बसतो. आपण त्याला खोटारडं म्हणतो. ‘माझं’ आणि ‘तुझं’ यांतली अदृश्य रेघ त्याला दिसत नाही, म्हणून ते दुसऱ्याची पेन्सिल उचलतं. आपण त्याला चोर म्हणतो. अशी एकेक विशेषणं जमत जातात आणि शाळेत पाऊल टाकल्यापासून दोनतीन वर्षांत त्या मुलाचा स्वभाव इतरांनीच लिहून टाकलेला असतो.

अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या डायन मॅल्बिन यांनी आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टीचं सार असं: या मुलांच्या बाबतीत आणखी जोर लावून उपयोग नाही, रीत बदलावी लागते. हे मूल ‘करत नाही’ असं आपल्याला वाटतं तेव्हा ते ‘करू शकत नाही’ असं धरून चालावं आणि मग पुढचा विचार करावा. एवढ्या एका पालटानं घरातलं वातावरण बदलतं, कारण मोठ्या माणसाचा राग ओसरतो. रागाची जागा कुतूहल घेते: नेमकं काय केल्यानं याला हे जमेल?

जे केल्यानं जमतं ते सगळं साधं आहे, पण ते रोज करावं लागतं. एका वेळी एकच सूचना, आणि तीही नेमक्या शब्दांत. ‘नीट वाग’ याला त्याच्या लेखी अर्थ नाही. ‘हात खिशात ठेव’ याला आहे. सूचना दिल्यावर थांबायचं, कारण ती आत पोचायला वेळ लागतो, आणि उत्तर आलं नाही म्हणून दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितलं, तर त्याच्यासाठी ती दुसरीच नवी सूचना होते. दिवसाचा क्रम ठरलेला हवा आणि भिंतीवर चित्रांतून दिसायला हवा: दात, आंघोळ, दूध, बूट. खेळ थांबवून जेवायला यायचं असेल तर आधी कल्पना द्यायची, मग पुन्हा एकदा द्यायची. वर्गात एक कोपरा असा हवा, की जिथे प्रकाश मंद आहे, आवाज कमी आहे आणि जिथे जाणं ही शिक्षा नाही. खेळाची सुट्टी कापून घेणं हा तर उलटाच उपाय, कारण धावल्याशिवाय ते शरीर शांतच होत नाही. आणि नजर हवी, इतर मुलांना लागते त्याहून किती तरी जास्त वर्षं. अलास्कातल्या शिक्षिका डेब एव्हन्सन आणि कॅनडातल्या पालक जॅन लुटके यांनी या सगळ्याला आठ किल्ल्यांचं रूप दिलं. त्यांतली एक किल्ली पुनरावृत्तीची आहे. मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची, आणि दर वेळी ती पहिल्यांदाच शिकवत असल्यासारखी शिकवायची. यात मुलाच्या बुद्धीपेक्षा मोठ्या माणसाच्या अहंकाराची परीक्षा जास्त आहे.

सिएटलचे बालरोगतज्ज्ञ स्टर्लिंग क्लॅरन म्हणत, या मुलांना बाहेरचा मेंदू लागतो. म्हणजे त्यांच्या वतीनं आठवण ठेवणारा, परिणामाचा अंदाज घेणारा, वेळेवर थांबवणारा कुणीतरी माणूस. पहिल्यांदा ऐकताना हे जड वाटतं. जन्मभर कुणाच्या तरी आधारानं जगायचं? मग लक्षात येतं, की आपण सगळेच बाहेरच्या मेंदूंच्या मदतीनं जगतो. फोन वाजला नाही तर कुणाला औषधाची वेळ आठवते? बायकोनं सांगितलं नाही तर किती पुरुषांना आपल्याच घरची लग्नकार्यं लक्षात राहतात? कारकुनानं समोर फाइल ठेवली नाही तर कोणता साहेब काल काय ठरलं ते सांगू शकेल? फरक एवढाच, की आपले आधार आपण मिरवतो आणि त्यांना कर्तृत्व म्हणतो. या मुलाचा आधार मात्र परावलंबन ठरतो. स्वावलंबन हे बालसंगोपनाचं अंतिम ध्येय मानणाऱ्या शिक्षणशास्त्राला या मुलांनी अडचणीत आणलं आहे. एकट्यानं सगळं करता येणं आणि माणसांमध्ये नीट जगता येणं या दोन गोष्टी वेगळ्या असतील, तर दुसरी अधिक मोलाची आहे.

मुलाला दोष देणं थांबवलं की आपलं बोट लगेच आईकडे वळतं. या विषयातला हा सगळ्यांत निसरडा भाग आहे. गर्भातल्या जिवावर बाहेरच्या जगाचा परिणाम होतो, ही कल्पना आपल्याकडे मुरलेली आहे. गर्भसंस्कारांची पुस्तकं आणि सीडी घरोघरी असतात. या कल्पनेचा आधार म्हणून सांगितली जाते ती अभिमन्यूची गोष्ट. अर्जुन चक्रव्यूहाचं रहस्य सांगत होता, ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली आणि पोटातल्या बाळाला परतीची वाट कळलीच नाही. द्रोणपर्वात मात्र ही झोप नाही. तिथे अभिमन्यू युधिष्ठिराला एवढंच सांगतो, की व्यूह फोडून आत शिरणं मला वडिलांनी शिकवलं आहे, संकटात बाहेर पडणं मला जमणार नाही. शिकवण अपुरी राहिली होती ती बापाची. पुढच्या कथेकऱ्यांनी ती उणीव आईच्या पापण्यांवर टाकली, आणि गोष्ट इतकी पटली की मूळ हकिगत मागे पडली. ती इतकी सहज का पटली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आईला दोष न देता मुलापर्यंत कसं पोचायचं, याचं उत्तर एका समाजानं कृतीनं दिलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली प्रदेशात फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यात बुनुबा, वालमाजारी, गूनियांडी अशा आदिवासी समूहांची वस्ती आहे. तिथल्या गोऱ्यांच्या गुरांच्या कुरणांवर हे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिधा आणि किरकोळ पैशांवर राबले. 1968 च्या अखेरीस त्यांना समान वेतन लागू झालं, तेव्हा अनेक मालकांनी त्यांना कामावरून आणि जमिनीवरूनही उठवलं. माणसं फिट्झरॉय क्रॉसिंग या गावाच्या कडेला येऊन पडली. काम गेलं, भूमी गेली, आणि दारू मात्र आता कायद्यानं मिळू लागली. चार दशकांनंतर त्या खोऱ्यात अंत्यविधींची रांग लागली होती. त्यांत तरुणांच्या आत्महत्या पुष्कळ होत्या. 2007 मध्ये जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी ठरवलं, की गावातल्या दुकानातून घरी न्यायला मिळणारी कडक दारू बंद व्हायला हवी. त्यांना शिव्या मिळाल्या, धमक्या मिळाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून निर्बंध लागू झाला, आणि दारूपायी होणाऱ्या मारहाणी आणि जखमा घटल्याचं पुढच्या पाहणीत दिसलं.

खरी धैर्याची गोष्ट त्यानंतरची आहे. खोऱ्यातल्या मुलांचं काय झालं आहे ते आम्हाला पाहायचं आहे, असं याच स्त्रियांनी म्हटलं आणि बाहेरच्या डॉक्टरांना आपण होऊन बोलावलं. लिलिल्वान या नावानं झालेल्या या प्रकल्पात 2002 आणि 2003 मध्ये जन्मलेल्या मुलांच्या 127 आयांशी किंवा पालकांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिक, 55 टक्के, आया त्या गरोदरपणात दारू प्यायल्या होत्या. 108 मुलांची तपासणी झाली आणि त्यांतल्या 21 मुलांमध्ये एफएएसडीचं निदान झालं, म्हणजे जवळजवळ पाचातल्या एकात. हा आकडा ऐकून कुठल्याही समाजानं दार लावून घेतलं असतं. इथे ते घडलं नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्या बाया त्याच घरांतल्या होत्या, आणि तपासलेल्या प्रत्येक मुलासाठी पुढे काय करायचं याची स्वतंत्र योजना हातात दिली जात होती. आयांनी खरं सांगितलं, कारण खरं सांगितल्यावर मूल हिरावलं जाणार नाही, उलट त्याला मदत मिळेल, असा त्यांना विश्वास वाटला. निदानाचा पाया आईच्या कबुलीवर असतो, विशेषतः चेहऱ्यावर खूण नसते तेव्हा. जिथे आईला लाज वाटायला लावली जाते तिथे मुलाचं निदानच होत नाही. आईची बाजू घेणं ही इथे दयेची गोष्ट राहत नाही. मुलापर्यंत पोचण्याचा तोच एक रस्ता आहे.

खोऱ्यातल्या शाळांमध्ये मग एक कार्यक्रम आला. ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी रचलेल्या या कार्यक्रमात मुलांना सांगतात, तुझं शरीर म्हणजे गाडीचं इंजिन आहे. ते कधी फार जोरात पळतं, कधी फार मंद होतं, कधी बरोबर चालतं. आत्ता कसं चाललं आहे ते ओळख, आणि मग काहीतरी चावून, उड्या मारून, जड वस्तू उचलून किंवा शांत बसून ते ठिकाणावर आण. हे साऱ्या वर्गाला एकत्र शिकवतात, म्हणून कुणा एकाला वेगळं काढावं लागत नाही. हे काम लहानपणी झालं नाही तर काय होतं, तेही त्याच राज्यात दिसलं. पर्थजवळच्या बँक्सिया हिल बालसुधारगृहातल्या 99 मुलांची तपासणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 36 जणांना एफएएसडी असल्याचं आढळलं, आणि त्याआधी निदान झालं होतं फक्त दोघांचं. बाकीच्यांना आयुष्यभर वांड, उनाड, कोडगं म्हटलं गेलं होतं, आणि शेवटी कैदी.

दारू आईपर्यंत कशी पोचते, तेही पाहायला हवं. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनमध्ये देण्याची ‘डॉप’ पद्धत शतकानुशतकं चालली. कायद्यानं ती थांबल्यावरही तिनं लावलेली सवय राहिली, आणि त्या भागात या विकाराचं प्रमाण जगात सर्वाधिकांत मोजलं जातं. मालकानं वेतन म्हणून हातात ठेवलेला पेला बाईनं ओठाला लावला, तर त्या पेल्याचा हिशेब एकट्या बाईकडे मागणं हा कुठला न्याय?

महाराष्ट्राला यातलं काही अगदी अपरिचित नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे ती लोकांच्या चळवळीमुळे, आणि बाटली आडवी करण्यासाठी गावोगावच्या बायका मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. आपल्याकडचं भांडण मात्र नवऱ्याच्या दारूशी होतं आणि ते रास्तच होतं. गर्भातल्या दारूचा विषय त्यात फारसा आला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये दारू पिणाऱ्यांचं प्रमाण 1.3 टक्के निघालं. टक्का लहान आहे. पण कोट्यवधी स्त्रियांच्या देशात त्यामागची माणसं थोडी नाहीत, आणि अरुणाचलसारख्या राज्यात हाच आकडा 24 टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्या बाटल्यांवर 2019 पासून सक्तीची सूचना असते: मद्यपान आरोग्याला घातक आहे, पिऊन गाडी चालवू नका. गरोदर स्त्रीचा तिच्यात उल्लेख नाही. अमेरिकेत तो 1989 पासून आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजलेलं आहे, त्यांत हे स्वतंत्रपणे नाही. असं मूल आपल्याकडे बहुधा मतिमंद, अतिचंचल किंवा नुसतं वाया गेलेलं या नावानं वाढतं.

मानसतज्ज्ञ ॲन स्ट्रायसगुथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटलला या विकाराच्या 415 माणसांच्या आयुष्यांचा मागोवा घेतला. शाळा सुटणं, कायद्याच्या कचाट्यात सापडणं, व्यसन लागणं हे त्यांच्यात पुष्कळ दिसलं. पण ज्यांचं निदान लहान वयात झालं आणि ज्यांना स्थिर, मायेचं घर मिळालं, त्यांची यातून सुटण्याची शक्यता दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेली होती. मेंदूला इजा सगळ्यांच्याच झालेली होती. पुढचं आयुष्य ठरलं ते भोवतीच्या माणसांवरून.

म्हणून दोन मागण्या. गरोदर बाईला तपासणाऱ्या प्रत्येकानं, मग ती शहरातली डॉक्टर असो वा पाड्यावरची आशाताई, दारूबद्दल विचारावं. पण विचारताना आवाजात जरब नसावी आणि त्याच बैठकीत मदतीचा पत्ता द्यावा. गरोदरपणात दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित ठरलेलं नाही, हे घरातल्या पुरुषालाही समोर बसवून सांगावं. आणि अंगणवाडीतल्या किंवा बालवाडीतल्या ज्या मुलाला काल आलेलं आज येत नाही, त्याच्यावर हट्टीपणाचा शेरा मारण्याआधी त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं अशा वाढीच्या अडचणींसाठीच उभी केली आहेत. निदानाचं नेमकं नाव मिळायला वेळ लागेल. चित्रांचा दिनक्रम, एका वेळची एक सूचना आणि न चिडता पुन्हा सांगणं, यासाठी नावाची वाट पाहावी लागत नाही.